मोटारीला थांबायला शिकवणारे अभियंते : फ्रेडरिक लँचेस्टर



नववीच्या विज्ञानात 'कार्य आणि ऊर्जा' हा पाठ आपण शिकतो. गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. पण या सूत्राची खरी ताकद कुठे दिसते, असं विचारलं की वर्ग शांत होतो. ती दिसते मोटारीच्या ब्रेकमध्ये. आज आपण अशा एका शास्त्रज्ञ-अभियंत्याचे चरित्र पाहणार आहोत, ज्यांनी आजच्या जवळजवळ प्रत्येक मोटारीत आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत दिसणाऱ्या डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ मध्येच घेतले होते. त्यांचे नाव फ्रेडरिक लँचेस्टर. दुर्दैव असे, की त्यांची ही कल्पना जगाने मान्य केली तेव्हा ते हयात नव्हते.

थोडक्यात परिचय

पूर्ण नाव : फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर
जन्म : २३ ऑक्टोबर १८६८, लंडन
वडील : हेन्री जोन्स लँचेस्टर (वास्तुविशारद)
आई : ऑक्टेव्हिया
मृत्यू : ८ मार्च १९४६, बर्मिंगहॅम
कार्यक्षेत्र : मोटार अभियांत्रिकी, विमानविद्या, गणित

जन्म व शिक्षण

फ्रेडरिक हे आठ भावंडांपैकी एक. त्यांच्या लहानपणीच हे कुटुंब लंडन सोडून समुद्रकाठच्या होव्ह या गावी राहायला गेले. घरात आरेखनाची, मोजमापाची, नकाशांची सवय होती. वडील इमारतींचे नकाशे काढत आणि मुलगा यंत्रांचे.

पुढे ते साउथँप्टनच्या हार्टली संस्थेत आणि नंतर लंडनमधील विज्ञान महाविद्यालयात शिकले. अभियांत्रिकीचे प्रत्यक्ष शिक्षण कमी पडते असे वाटल्यावर त्यांनी संध्याकाळच्या वर्गांना जायला सुरुवात केली. गंमत बघा, इतकी वर्षे शिकूनही त्यांनी पदवी काही घेतली नाही. शिकायचे ते शिकून झाले आणि ते कामाला लागले.

पहिली नोकरी आणि एक खोडलेली ओळ

काही काळ पेटंटची रेखाचित्रे काढण्याचे काम केल्यावर १८८९ च्या सुमारास त्यांना बर्मिंगहॅमजवळच्या सॉल्टली येथे गॅस इंजिने बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी मिळाली. नोकरीच्या करारपत्रात एक अट होती, की कामगाराने लावलेला कोणताही शोध कंपनीच्या मालकीचा राहील. हा तरुण काय करतो? सही करण्याआधी ती ओळच खोडून टाकतो!

हा निर्णय पुढे उपयोगी पडला. गॅस इंजिनाचा वेग आवरणारा नियंत्रक आणि इंजिन आपोआप सुरू करणारी यंत्रणा, असे शोध त्यांनी नोकरीत असतानाच लावले आणि त्यांचे हक्क त्यांच्याकडेच राहिले. त्यांतून आलेला पैसा त्यांनी पुढच्या प्रयोगांत घातला. कारखान्यातली जागा पुढे त्यांनी धाकटे बंधू जॉर्ज यांच्याकडे सोपवली. जॉर्ज आणि फ्रँक हे दोघे बंधू पुढे त्यांच्या कामात सहभागी होते.

पहिली मोटार

त्या काळात इंग्लंडमधील बहुतेक मोटारी म्हणजे फ्रान्स-जर्मनीहून आलेल्या गाड्या किंवा त्यांच्या नकला. घोडागाडीचा घोडा काढायचा आणि तिथे इंजिन बसवायचे, झाली मोटार! लँचेस्टर यांना हे पटत नव्हते. मोटार ही घोडागाडी नाही, तिचा प्रत्येक भाग मुळापासून नव्याने विचार करून बनवला पाहिजे, असे त्यांचे मत होते.

त्यांची पहिली मोटार १८९६ च्या सुरुवातीला रस्त्यावर धावली. पूर्णपणे ब्रिटिश बनावटीची पहिली चारचाकी पेट्रोल मोटार म्हणून ती ओळखली जाते. पुढच्या गाडीसाठी त्यांनी दोन सिलिंडरचे इंजिन बनवले. त्यात एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे दोन क्रँकशाफ्ट होते. एकाचा हादरा दुसऱ्याच्या हादऱ्याने खोडला जाई. त्यामुळे इतर गाड्या खडखडत जात असताना लँचेस्टरची गाडी मऊ चाले. १८९९ मध्ये रिचमंड येथील मोटार प्रदर्शनात त्यांच्या गाडीला सुवर्णपदक मिळाले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे. त्यांची सुरुवातीची इंजिने पाण्याने नव्हे, हवेने थंड केली जात. पंख्याने वारा घ्यायचा आणि तो नेमका तापलेल्या भागावर सोडायचा, हे काम त्यांनी ब्रेकच्या आधी इंजिनावर केलेले होते.

कारखाना

डिसेंबर १८९९ मध्ये लँचेस्टर इंजिन कंपनी स्थापन झाली. बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुक भागात कारखाना उभा राहिला. तेव्हा मोटारीचा प्रत्येक भाग कारागीर कानस मारमारून दुसऱ्या भागाला बसवत असे. एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला बसेल याची खात्री नसे. लँचेस्टर यांनी साचे आणि मापके बनवून घेतली आणि कोणत्याही गाडीचा भाग कोणत्याही गाडीला बसला पाहिजे, असा नियम केला. आज आपण दुकानात जाऊन गाडीचे मॉडेल सांगतो आणि ब्रेक पॅडचे पाकीट घेऊन येतो ना, त्यामागे हाच विचार आहे.

या गाड्यांना सुरुवातीला स्टिअरिंगचे चाक नव्हते. नावेच्या सुकाणूसारखा एक दांडा असे. आपल्या मुंबईत जन्मलेले लेखक रुड्यार्ड किपलिंग हे कंपनीच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी एक. पुढे भारतातील संस्थानिकांनाही लँचेस्टर गाड्यांची भुरळ पडली. नवानगरचे जामसाहेब, म्हणजेच प्रसिद्ध क्रिकेटपटू रणजितसिंहजी, यांच्याकडेही लँचेस्टर गाड्या होत्या.

डिस्क ब्रेकचा शोध (१९०२)

आता आपण मुख्य मुद्द्याकडे येऊ.

त्या वेळच्या मोटारींचे ब्रेक कसे होते? काही गाड्यांत लाकडाचा किंवा चामड्याचा ठोकळा थेट टायरवर दाबला जाई. काहींत चाकाला जोडलेल्या गोल डब्याभोवती पट्टा आवळला जाई. १९०२ मध्येच फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी डब्याच्या आतून बाहेर दाबणारे ब्रेक, म्हणजे आजचे ड्रम ब्रेक, पुढे आणले.

त्याच वर्षी लँचेस्टर यांनी वेगळीच गोष्ट मांडली. मागच्या चाकाशी पत्र्याची एक तबकडी घट्ट जोडायची. चाक फिरले की तबकडी फिरणार. ब्रेक लावला की दोन जबड्यांनी तबकडीची कडा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायची. सायकलचे ब्रेक आठवा. रबराचे दोन ठोकळे रिमला दोन्हीकडून धरतात, तसेच काहीसे.

कल्पना सोपी आणि बरोबर होती. मग अडले कुठे?

अडले ते घासणाऱ्या भागापाशी. जबड्यांना आतून तांब्याचे पातळ अस्तर लावलेले होते. तांबे आणि लोखंडी पत्रा एकमेकांवर घासले, की कानठळ्या बसतील अशी किंकाळी निघे. शिवाय त्या काळचे रस्ते मातीचे, धुळीचे. तबकडी उघडी असल्यामुळे धूळ थेट तिच्यावर बसे आणि अस्तर भराभर झिजे.

१९०७ च्या सुमारास हर्बर्ट फ्रूड यांनी अ‍ॅसबेस्टॉसचे ब्रेक लायनर आणले. हे फ्रूड म्हणजे घोडागाडीवाले ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट बांधतात हे पाहून चांगल्या लायनरच्या मागे लागलेले गृहस्थ. त्यांच्या लायनरने आवाज कमी झाला आणि झीजही कमी झाली. (अ‍ॅसबेस्टॉसने फुप्फुसाचे गंभीर आजार होतात हे पुढे कळले, म्हणून आता अनेक देशांत ते ब्रेकमध्ये वापरत नाहीत.) पण हे लायनर ड्रम ब्रेकलाही तितकेच चांगले बसत होते. ड्रम बंद असल्यामुळे त्यात धूळ-चिखलही कमी जाई. मग लोकांनी ड्रमच स्वीकारला. पुढची सुमारे पन्नास वर्षे रस्त्यावर ड्रम ब्रेकचेच राज्य होते.

बंद डबा की उघडी तबकडी?

मित्रांनो, इथे थोडे विज्ञान समजून घेऊ.

गाडी थांबते म्हणजे तिची गतिज ऊर्जा नाहीशी होत नाही, तिचे उष्णतेत रूपांतर होते. १२०० किलो वस्तुमानाची गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात आहे असे समजा. तिची गतिज ऊर्जा २,४०,००० ज्यूल. वेग दुप्पट केला, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर, तर ऊर्जा दुप्पट होईल का? नाही, चौपट होईल. ९,६०,००० ज्यूल. एवढ्या उष्णतेने साधारण ३ लीटर गार पाणी उकळीला येईल. आणि ही सगळी उष्णता, जवळजवळ पूर्ण, काही सेकंदांत ब्रेकमध्ये जाते. त्यातही पुढच्या चाकांच्या ब्रेकवर जास्त, कारण ब्रेक लावल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो.

एकदा ब्रेक लावला तर लोखंड एवढी उष्णता सहज सोसते. पण शर्यतीच्या मार्गावर दर वळणाआधी पुन्हा पुन्हा असाच ब्रेक लावला तर? उष्णता साठत जाते. मग तीन गोष्टी घडतात.

१) ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजे आतल्या लायनरपासून दूर जातो. पेडल जास्त दाबावे लागते. डिस्क तापली तर जाड होते, म्हणजे पॅडकडेच सरकते. हा डिस्कचा मोठा फायदा.

२) लायनर किंवा पॅड ठरावीक तापमानापलीकडे गेले की त्यांची पकड कमी होते. पेडल कडक लागते, पण गाडी थांबत नाही.

३) ब्रेक ऑइल उकळते. त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. पेडल स्पंजसारखे खाली जाते आणि ब्रेक लागतच नाही. नवीन डॉट-४ ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा नियम आहे. पण हे ऑइल हवेतली ओल शोषते, आणि ओल धरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. केवढा फरक बघा!

आपल्याकडे घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा असे जाणते ड्रायव्हर सांगतात, त्यामागचे कारणही हेच.

आता दोन्ही ब्रेकची तुलना करा. ड्रम बंद असतो, म्हणून धूळ आत जात नाही. पण त्याच कारणाने उष्णताही आत कोंडते. डिस्क उघडी असते, म्हणून धूळ बसते. पण वाराही लागतो. १९०२ च्या धुळीच्या रस्त्यांवर आणि कमी वेगाला बंद डबा सोयीचा होता. डांबरी रस्ते आले, वेग वाढला आणि पारडे उघड्या तबकडीकडे झुकले. लँचेस्टर यांची तबकडी चुकीची नव्हती. तिला लागणारे पॅड आणि तिला लागणारा रस्ता, दोन्ही तेव्हा तयार नव्हते.

कंपनीची घसरण

चांगली गाडी बनवली म्हणजे धंदा चालतोच असे नाही. लँचेस्टर कंपनीला भांडवल सुरुवातीपासूनच अपुरे होते. १९०४ मध्ये, गाड्यांना मागणी असतानाही, कंपनीचे दिवाळे निघाले. ती पुन्हा उभी केली गेली, नाव लँचेस्टर मोटर कंपनी झाले. पण फ्रेडरिक यांना पूर्वीसारखा मोकळा हात राहिला नाही. खर्च कमी करा, इतरांसारख्या गाड्या बनवा, असा आग्रह वाढत गेला. १९०९ पासून ते डेमलर कंपनीचे सल्लागार म्हणूनही काम करू लागले. हळूहळू स्वतःच्याच नावाच्या कंपनीतून ते बाहेर पडले आणि गाड्यांचे काम बंधू जॉर्ज यांनी सांभाळले.

या काळातही त्यांचे डोके थांबले नव्हते. १९१० च्या सुमारास त्यांनी क्रँकशाफ्टला बसणारे पीळ शोषून घेणारे यंत्र तयार केले. चार सिलिंडरच्या इंजिनाचा हादरा घालवण्यासाठी उलटसुलट दिशेने, क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरणारे दोन जास्तीचे शाफ्ट बसवण्याची युक्तीही त्यांचीच.

हवेचे गणित

लँचेस्टर यांचे दुसरे मोठे काम विमानविद्येतले. राइट बंधूंनी उड्डाण केले १९०३ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, १८९४ मध्ये, बर्मिंगहॅममधील एका सभेत लँचेस्टर यांनी पंखाला वर उचलणारे बल कसे निर्माण होते याची उपपत्ती मांडली होती. पंखाच्या टोकांशी हवेचे भोवरे तयार होतात, हे त्यांनी ओळखले होते. १८९७ मध्ये त्यांनी यावर निबंध लिहून पाठवला, पण तो छापायला नकार मिळाला. ते गप्प बसले नाहीत. १९०७ आणि १९०८ मध्ये त्यांनी या विषयावर दोन जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केले. जर्मनीतील शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांनी पुढे हाच विषय गणिताने पक्का केला. आज पंखाच्या या सिद्धांताला अनेक ठिकाणी लँचेस्टर आणि प्रांट्ल अशी दोघांची नावे जोडून ओळखतात.

पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी दोन सैन्यांच्या बळाचे गणित मांडले. संख्येच्या वर्गाला महत्त्व देणारा तो नियम लँचेस्टरचा नियम म्हणून आजही शिकवला जातो. १९२२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पदवी न घेतलेल्या माणसाला बर्मिंगहॅम विद्यापीठाने सन्मानाची डॉक्टरेट दिली.

अखेरचे दिवस

१९१९ मध्ये त्यांचा डोरोथिया कूपर यांच्याशी विवाह झाला. बर्मिंगहॅमच्या मोझली भागात ते राहत. त्यांना मूलबाळ नव्हते.

१९३० च्या सुमारास डेमलरचे काम सुटले. १९३१ मध्ये लँचेस्टर मोटर कंपनीही दुसऱ्या उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली. पुढे त्यांना कंपवाताने गाठले, दृष्टीही अधू होत गेली. ज्या हातांनी इतकी अचूक रेखाचित्रे काढली ते हात थरथरू लागले. पैशाची चणचण होती. मोटार उद्योगातील लोकांनी हातभार लावला, म्हणून राहते घर टिकले. १९३१ मध्ये गुगेनहाइम पदक आणि १९४५ मध्ये जेम्स वॅट पदक असे मोठे सन्मान मिळाले, पण सन्मानाने घर चालत नाही. ८ मार्च १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा रस्त्यावरच्या बहुतेक मोटारींना ड्रम ब्रेकच होते.

सात वर्षांनंतर

जून १९५३. फ्रान्समधील ल मान्स येथे चोवीस तासांची प्रसिद्ध शर्यत होती. तिथे सुमारे ६ किलोमीटरचा सरळ रस्ता आणि त्याच्या शेवटी काटकोनी वळण. दर फेरीला भरधाव वेगावरून एकदम सावकाश व्हायचे. चोवीस तास, दिवस-रात्र. ब्रेकची याहून कठीण परीक्षा नाही.

जॅग्वार कंपनीने आपल्या सी-टाइप गाड्यांना डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवले होते. विमानाच्या चाकांसाठी झालेल्या कामाचा त्यांना आधार होता. इतरांच्या ड्रमची ताकद तापून कमी होत गेली तरी जॅग्वारचे चालक वळणाच्या बरेच जवळ जाऊन ब्रेक लावत राहिले. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार पहिली आली. दुसरा आणि चौथा क्रमांकही जॅग्वारचाच. सरासरी वेग ताशी सुमारे १७० किलोमीटर. १९५५ मध्ये सिट्रोएन डीएस आणि १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर-३ या विक्रीच्या गाड्यांना पुढच्या चाकांवर डिस्क ब्रेक आले. मग जगभर तेच झाले.

जुन्या स्पोर्ट्स कारला वारा

गोष्ट इथे संपत नाही. डिस्क आली तरी उष्णता कुठे गेली? वेग वाढत गेला तशी उघडी तबकडीही अपुरी पडू लागली. मग मध्ये पोकळी असलेली डिस्क आली. दोन तबकड्या आणि त्यांच्या मध्ये उभ्या पट्ट्या. चाक फिरले की ही डिस्क पंख्यासारखे काम करते. मधोमध हवा ओढते आणि कडेने बाहेर फेकते.

पोर्शे ९४४ ही १९८२ साली बाजारात आलेली स्पोर्ट्स कार घ्या. वजन साधारण १२०० किलो, म्हणजे आपण वर केलेल्या गणिताएवढे. तिला चारही चाकांवर अशा पोकळ डिस्क आहेत. आणि तिच्या चार सिलिंडरच्या इंजिनात लँचेस्टर यांचे ते उलट फिरणारे दोन शाफ्टही आहेत! मित्सुबिशी कंपनीने १९७० च्या दशकात ती युक्ती नव्याने वापरात आणली आणि पोर्शेने मित्सुबिशीकडून परवाना घेतला. म्हणजे एकाच गाडीत लँचेस्टर दोनदा भेटतात.

युरोप-अमेरिकेत अशा जुन्या गाड्यांचे हौशी मालक सुट्टीच्या दिवशी त्या शर्यतीच्या मार्गावर नेतात. रस्त्यासाठी पुरेसे असलेले ब्रेक तिथे काही फेऱ्यांतच तापतात. मग ते बाजारात मिळणारे थंडाव्याचे भाग बसवतात. त्याची पद्धत अशी :

१) पुढच्या बंपरखाली किंवा धुक्याच्या दिव्याच्या जागी हवा घेणारे तोंड बसवतात. जिथे वारा समोरून दाबाने येतो अशीच जागा निवडतात.

२) तिथून उष्णता सोसणारा लवचीक पाइप चाकापर्यंत नेतात.

३) डिस्कच्या आतल्या बाजूला असलेला धूळरोधक पत्रा काढून त्या जागी पाइप जोडता येईल असा पत्रा बसवतात.

४) हवा डिस्कच्या एका पृष्ठभागावर न सोडता मधोमध, हबजवळच्या पोकळीत सोडतात. एकाच बाजूला वारा लागला तर एक बाजू गार, दुसरी गरम, आणि डिस्क वाकडी होण्याची किंवा तडकण्याची भीती. मधोमध सोडलेली हवा मात्र डिस्क स्वतःच सगळीकडे फिरवते.

५) स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि चाक वर-खाली करून पाइप टायरला कुठे घासतो का ते तपासतात. हे विसरले तर एका फेरीत पाइप फाटतो.

पण एक क्रम लक्षात ठेवा. आधी ताजे ब्रेक ऑइल, कामाला योग्य पॅड आणि चांगल्या स्थितीतली डिस्क. त्यानंतर वारा. जुने, ओल धरलेले ऑइल तसेच ठेवून नुसते पाइप बसवले तर पैसे गेले आणि धोका राहिला. शिवाय धूळरोधक पत्रा काढल्यावर पावसाचे पाणी आणि खडी थेट डिस्कवर येते. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला तो पत्रा हवाच असतो. ब्रेकचे काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावे, हे वेगळे सांगायला नको.

पाहिलंत? १९०२ मध्ये जो पेच होता, तोच आजही आहे. उघडे ठेवले तर धूळ-पाणी, बंद केले तर उष्णता. गाडी कुठे आणि कशी चालणार आहे हे पाहूनच उत्तर ठरवावे लागते. आणि पाइपमधून नेमका तापलेल्या भागावर वारा सोडणारा आजचा हौशी माणूस, लँचेस्टर यांनी पहिल्या इंजिनावर जे केले होते, तेच ब्रेकवर करत असतो.

या चरित्रातून काय शिकावे?

• कल्पना बरोबर असली तरी ती एकटी यशस्वी होत नाही. तिला योग्य साहित्य, योग्य परिस्थिती आणि सोबतीला इतरांचे शोध लागतात. डिस्कला चांगल्या पॅडची आणि चांगल्या रस्त्याची वाट पाहावी लागली.

• एखादी गोष्ट मागे पडली म्हणजे ती चुकीचीच होती असे समजू नये. ती का मागे पडली याचे कारण शोधावे. लँचेस्टर यांच्या ब्रेकचे कारण अस्तरात आणि धुळीत होते, तबकडीत नव्हते.

• आपल्या बुद्धीच्या कष्टाची किंमत आपण ओळखावी. करारातली एक ओळ वाचून ती खोडण्याचे धाडस त्यांनी तरुण वयातच दाखवले. सही करण्याआधी वाचणे, एवढे तरी आपण नक्की करू शकतो.

• ज्ञानाचे कप्पे करू नयेत. वाऱ्याचा अभ्यास, इंजिनाचा अभ्यास आणि ब्रेकचा अभ्यास एकाच माणसाने केला.

पुढच्या वेळी एखाद्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकातली भोके असलेली चकचकीत तबकडी दिसली, तर थोडे थांबून नीट बघा. (गाडी नुकतीच चालून आली असेल तर हात मात्र लावू नका!) बर्मिंगहॅमच्या त्या कारखान्यात तांब्याच्या अस्तराची किंकाळी ऐकूनही लँचेस्टर यांनी जी मांडली, ती हीच तबकडी.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
अ) लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट कोणत्या वर्षी घेतले?
आ) त्यांच्या ब्रेकच्या जबड्यांना कोणत्या धातूचे अस्तर होते?
इ) जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या साहाय्याने ल मान्सची शर्यत कोणत्या वर्षी जिंकली?

प्र. २. कारणे लिहा.
अ) तापलेल्या ड्रम ब्रेकचे पेडल जास्त दाबावे लागते.
आ) जुने ब्रेक ऑइल नव्यापेक्षा कमी तापमानाला उकळते.
इ) थंड हवा डिस्कच्या एकाच पृष्ठभागावर सोडत नाहीत.

प्र. ३. गणित सोडवा.
८०० किलो वस्तुमानाची गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने जात असताना ब्रेक लावून थांबवली. ब्रेकमध्ये सुमारे किती ज्यूल उष्णता निर्माण होईल? वेग ताशी १०८ किलोमीटर असता तर किती?

प्र. ४. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या दुचाकीला पुढे व मागे कोणते ब्रेक आहेत ते पाहा. दोन्ही चाकांना एकसारखे ब्रेक नसतील तर त्याचे कारण काय असावे, यावर पाच-सहा ओळी लिहा.